मदत हवी आहे : पोस्टग्रेसच्या स्टँडबायसाठी स्लॉट ठेवावा, की वॉल आर्काइव्हवर विसंबावे?

नमस्कार. एका पतसंस्थेच्या डेटाबेसची देखभाल माझ्याकडे आहे. मुख्य सर्व्हर पुण्यात आणि स्टँडबाय, म्हणजे त्याची सतत ताजी होत राहणारी राखीव प्रत, नागपुरात असून दोन्हीकडे पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) १४ ही डेटाबेस प्रणाली आहे. पीजी_बेसबॅकअप हे डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारे साधन वापरून उभा केलेला हा स्टँडबाय वर्षभर सुरळीत चालला.

मागच्या शुक्रवारी रात्री दोन्ही ठिकाणांना जोडणारी लाइन तुटली, ती रविवारी दुपारी जोडली गेली. स्टँडबाय कुठवर पोहोचला हे लक्षात ठेवणारा रेप्लिकेशन स्लॉट असल्यामुळे नागपूरला न पोहोचलेली एकही वॉल फाइल (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणारी फाइल) मुख्य सर्व्हरने काढली नाही. १६ एमबीची एकेक फाइल पीजी_वॉल या फोल्डरमध्ये साचत गेली, डिस्क भरली आणि रविवारी सकाळी, व्याज जमा करण्याचे काम चालू असतानाच, लॉगमध्ये 'पॅनिक' नोंदवून मुख्य सर्व्हर बंद पडला. डिस्क वाढवून तो सुरू केला आणि स्लॉट काढून टाकला. नोंदी शाबूत राहिल्या, पण लाइन परत आल्यावर स्टँडबाय 'हवी असलेली वॉल फाइल आधीच काढली गेली आहे' एवढेच सांगत राहिला. अडचणीच्या वेळी आधार व्हावा म्हणून जो सर्व्हर उभा केला, त्याच्यापायीच चालते काम थांबले, ही गोष्ट मला फार लागली आहे.

आता तो नव्याने उभा करायचा आहे. स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल राखायची हे ठरवणाऱ्या मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ या सेटिंगची मर्यादा मी घातलीच नव्हती. ती मुळात -१, म्हणजे अमर्याद असते. ती घातली तर डिस्क वाचेल, परंतु मर्यादा ओलांडताच स्लॉट निकामी होऊन स्टँडबाय पुन्हा मागे पडेल. म्हणून वॉल फाइली पुण्यातल्याच तिसऱ्या यंत्रावर आर्काइव्ह कराव्यात, म्हणजे त्यांच्या प्रती तिथे साठवाव्यात, आणि मागे पडलेल्या स्टँडबायने रिस्टोअर_कमांड या सेटिंगमधल्या आदेशाने तिथून त्या घेऊन पुन्हा स्ट्रीमिंगवर, म्हणजे मुख्य सर्व्हरकडून थेट बदल घेण्यावर, यावे, असा विचार आहे. मात्र फाइली तिथे पाठवणारी आर्काइव्ह_कमांड अपयशी ठरत राहिली तरीही फाइली पीजी_वॉलमध्येच साचतात आणि स्लॉटची मर्यादा तिथे लागू होत नाही, म्हणजे तोच धोका दुसऱ्या दाराने येतो.

आर्काइव्ह असताना आपण स्लॉट ठेवता का? ठेवत असल्यास मर्यादा कोणत्या हिशेबाने ठरवता, आणि आर्काइव्ह अडकल्याचे वेळीच कळावे म्हणून कशावर लक्ष ठेवता? शिवाय, चुकून पुसलेली नोंद क्षणात स्टँडबायवरूनही पुसली जाते. त्यासाठी रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले या सेटिंगने काही तास मागे राहणारा वेगळा स्टँडबाय कुणी प्रत्यक्ष वापरला असल्यास, तो किती तास मागे ठेवला हेही कृपया सांगावे.