ग्वर्न्सीला खरंच बघण्यासारखं काही नाही?

सुलेखा_बोल्डर: ‘तीन तास गाडी हाकली आणि बघायला काय, तर दगडातल्या चाकोऱ्या आणि नावं कोरलेला कडा. वायोमिंगला गेलात तर ग्वर्न्सीला फाटा द्या.’ भटक्या, तुमची ही कालची पोस्ट वाचल्यापासून चरफडतेय. चाकोरी हा शब्द आपण येता-जाता वापरतो. तिथं ती वालुकाश्मात काही ठिकाणी 5 फूट खोल आहे. मी आत उतरले तर कड खांद्याला लागली. नदीकाठानं वाट नव्हती, म्हणून एकोणिसाव्या शतकात पश्चिमेला ओरेगनकडे वस्तीला निघालेल्यांच्या सगळ्या बैलगाड्या त्याच टेकाडावर चढल्या आणि लोखंडी धावांनी खडक कापला. बहुतेक माणसं गाडीत बसलेली नव्हती, बैलांशेजारी चालत होती. ओरेगनपर्यंतची वाट साधारण 2,000 मैलांची! हे मुलांना सांगितलंत का?

भटक्या_डेन्व्हर: मुलांवर जाऊ नका. पाटीन् पाटी वाचून दाखवली. जुलैचं रणरणतं ऊन, धाकटीला चक्कर आली. तिला उचलून गाडीत आणताना इतिहास सुचत नाही.

सह्यभटका: रजिस्टर क्लिफवर 1850च्या लोकांनी नावं कोरली तो वारसा, आणि आमच्या गडांवर कोरली की विद्रूपीकरण? तीस वर्षं गड चढतोय. बुरुजावर बदाम कोरणाऱ्या पोराला हटकलं तर त्यानं माझी काठी मोडली. दीडशे वर्षांनी त्याच्या बदामाभोवतीही जाळी लावायची का?

सुलेखा_बोल्डर: काहीच्या काही तुलना. वाटेत पटकीनं माणसं पटापट मरत होती. आपण इथवर जिवंत पोचलो, हे मागून येणाऱ्यांना कळायचं ते त्या नावांवरून.

सह्यभटका: म्हणजे कारण चांगलं असलं की दगड खरवडायला मोकळीक? उद्या तो पोरगाही कारण सांगेल.

अनिरुद्ध_ओमाहा: दगडाचं इतकं लागतंय, माणसांचं कोणालाच नाही. ही वाट लकोटांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखातून गेली. 1854 मध्ये फोर्ट लॅरमी या लष्करी ठाण्याजवळ वाटसरूंच्या एका गायीवरून सैनिकांनी गोळीबार केला, त्यात लकोटांचा प्रमुख कॉन्करिंग बेअर गेला. 1868 मध्ये फोर्ट लॅरमीच्याच तहात अमेरिकन सरकारनं ब्लॅक हिल्स हे डोंगर त्यांचे म्हणून लिहून दिले, 1874 मध्ये तिथं सोनं सापडलं, 1877 मध्ये हिसकावून घेतले. त्या चाकोऱ्यांत उभं राहून मला तरी शौर्य दिसत नाही.

सुलेखा_बोल्डर: मग तर जायलाच हवं! फाटा देऊन हे कळणार आहे का?

भटक्या_डेन्व्हर: फोर्ट लॅरमी 13-14 मैलांवर होता आणि आम्ही गेलो नाही, हे कबूल. तहाबद्दल मला माहीतच नव्हतं. ‘फाटा द्या’ मागे घेतो. जुलैत लहान मुलांना नेऊ नका, हे मात्र घेणार नाही.

सह्यभटका: माझं उत्तर राहिलं.

सुलेखा_बोल्डर: राहिलं, खरंय. रजिस्टर क्लिफवरही जुन्या नावांशेजारी अलीकडच्या लोकांनी आपली नावं खरवडलीत. ती बघून मलाही तुमच्याइतकाच संताप आला होता.