बाबांची संगणक-वही आणि पडद्यावरच्या पाट्या

काल माळा आवरताना बाबांची एक शंभर पानी वही हाती लागली. वर सुवाच्य अक्षरात 'संगणक'. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी शिकायला बाहेर होते. रोज रात्री फोन. मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे. काही नोंदी जशाच्या तशा:

"बटण दाबून हात मागे घेणे. चित्र स्थिर होईपर्यंत कशालाही शिवू नये."

"खात्री आहे का, असे तो विचारतोच. त्याला सवय आहे. घाबरू नये."

"शिफ्ट सलग ५ वेळा दाबू नये. आवाज होतो व पाटी येते."

आणि एका पानावर लाल शाईने: "रद्द करायचे का विचारल्यास ओके म्हणजे रद्द. कॅन्सल म्हणजे रद्द करणे रद्द."

या लाल नोंदीमागे तासाभराचा फोन आहे. फॉर्म अर्धवट सोडायचा होता. पाटी आली, 'रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. बाबांना रद्दच करायचं होतं, म्हणून त्यांनी इमानदारीत कॅन्सल दाबलं. फॉर्म जिथल्या तिथे. परत पाटी, परत कॅन्सल. सहाव्या वेळी म्हणाले, "हा ऐकत नाही गं माझं." मी वैतागून म्हटलं, "बाबा, नीट वाचा की!" ते नीटच वाचत होते, हाच तर घोळ होता.

तुमच्याकडेही असे किस्से असणारच. येऊ द्या.

उगाचच: "त्याला सवय आहे" 😂😂 वही जपून ठेव गं

तिरकी रेघ: आमच्याकडे उलट. सासूबाई पाटी आली रे आली की फुली मारून मोकळ्या. "काय लिहिलं होतं आई?" "काही नाही, मी घालवली." चोर पळाल्यावर पंचनामा कसला करणार. आता सांगून ठेवलंय, आधी मोबाइलवर फोटो काढा, मग घालवा. परवा फोटो आला, त्यात नुसता त्यांचा अंगठा.

जुना खेळाडू: विंडोज ९५ आठवतंय का कुणाला? शटडाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची. मग आपण हाताने खटका बंद करायचा, कारण त्या जुन्या एटी कॅबिनेटांचा वीजपुरवठा सॉफ्टवेअरला तोडताच यायचा नाही. पुढे एटीएक्स ही नवी रचना आली आणि मशीन आपलं आपण बंद व्हायला लागलं. आमचे काका नवीन मशीन पहिल्यांदा बंद करून नारिंगी अक्षरांची वाट बघत बसले. ती येईनात म्हणून परत चालू केलं. परत बंद. असं चारदा, मग मला फोन: "मशीन मध्येच मरतंय."

मध्यरात्र: काका 😄

लॅपटॉपचा पासवर्ड चुकतोय म्हणून बहीण रडकुंडीला आलेली. कॅप्स लॉक बघून झालं, भाषा बघून झाली. मी जाऊन तेच टाइप केलं, मलाही चूक. पासवर्डमध्ये नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही. शेवटी वरच्या नावाच्या रकान्यात टाइप करून पाहिलं तर यू दाबलं की ४, आय ला ५, ओ ला ६! छोट्या कीबोर्डावर नम लॉक लागला की उजवीकडची काही अक्षरं आकडे होतात. एक बटण दाबलं नि उघडलं. दोन दिवस गेले होते तिचे.

सतरंजी: एक्सेलमध्ये बाणाची बटणं दाबली की चौकट जागची हलत नाही, अख्खं पान सरकतं. आठवडाभर माउसने काम केलं मी. स्क्रोल लॉक होता

निवांत: विषय निघालाच आहे तर, माझा प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दाखवतोय. कुणाला माहितीये?

उगाचच: @निवांत बंद करून चालू करा

निवांत: तीनदा केलं हो

जुना खेळाडू: कॉम्प्युटर म्हणताय की प्रिंटर? आणि कॉम्प्युटर असेल तर शटडाऊन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये तो पूर्ण बंद होतच नाही, सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवतो आणि तोच परत उचलतो. म्हणजे दुखणंही जसंच्या तसं परत. रीस्टार्टमध्ये कोरी पाटी.

वाळवण: कपडे वाळत घालता घालता वाचतेय. माझं दुःख वेगळंच. आईच्या कविता जुन्या फाइलीत होत्या, नवीन लॅपटॉपवर उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. मी समजले फाइल गेली. आईला सांगायची हिंमत होईना. नंतर एकाने दाखवलं की जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. कृतिदेवमध्ये 'भारत' म्हणजे आतून एच, के, के, जे, आर! फॉन्ट टाकला आणि कविता जशीच्या तशी समोर. मग बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं, करून घेतलं. र्‍हस्व वेलांट्या मात्र एक घर मागे सरकल्या होत्या, त्या हाताने लावल्या. तीनशे तरी असतील.

तिरकी रेघ: @वाळवण कविता टाक ना एखादी

वाळवण: आईला विचारून टाकते. नाहीच म्हणेल

मध्यरात्र: अजून एक. सगळ्या साइट्स एकदम "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागल्या. व्हायरस म्हणून मी वायफायच बंद करून ठेवलं. घड्याळ बघितलं तर काही वर्षं मागे! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला होता. तारीखच चुकीची असल्यावर साइटचं प्रमाणपत्र त्याला वैध कसं वाटणार. नाण्याएवढा सेल, पण पाटीवर घड्याळाचा चकार शब्द नव्हता.

निवांत: रीस्टार्ट करूनही प्रिंटर ढिम्म

जुना खेळाडू: मग एखादं काम रांगेत अडकलं असणार. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, सिस्टीम३२ च्या आत स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर, ते आतून रिकामं करा, स्पूलर परत चालू करा.

(मी, वहीवाली: बाबांच्या वहीत प्रिंटरबद्दल आहे का काही? बघून लिहिते. आहे. "कागद न आल्यास पुन्हा आज्ञा देऊ नये. तो विसरलेला नसतो.")

निवांत: स्पूलर थांबवून चालू केला, लागला! फोल्डर रिकामं करायचं मात्र राहिलं. सकाळपासून जितक्यांदा प्रिंट दाबलं तितक्या प्रती येतायत. एकोणिसावी चालू आहे.