पेट्रोलच्या वाफेची गळती कशी शोधू? मदत हवी आहे

मंडळी, आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. पेट्रोलची बीएस-६ गाडी आहे. टाकी फुल करून वावराच्या धुऱ्यावर उन्हात उभी केली की मागच्या उजव्या चाकापाशी उग्र वास येतो, टाकी अर्धी असली की नाही. खाली थेंब नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही.

झाकणाचं रबर चिरलं होतं, झाकण नवं घेतलं. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप) काढून फुंकून पाहिला, करंट नसताना हवा जात नाही, म्हणजे तो ठीक आहे. कॅनिस्टरच्या (वाफ शोषणारा कोळशाचा डबा) नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, पण आत दाबच नाही तर फुगे कुठून येणार!

नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन इथं कोणाकडे नाही. मेकॅनिक पंक्चरवाल्याचा कम्प्रेसर लावतो म्हणतो; वाफेत हवा भरायची मला धास्ती वाटते, अन् तेवढ्या दाबानं कॅनिस्टर फाटेल. टायरवाल्याकडे नायट्रोजन मिळतो, त्यानं आग पेटत नाही. व्हेंटची नळी (कॅनिस्टरमध्ये बाहेरची हवा येते ती) बंद करून पर्जच्या बाजूनं १ पीएसआयपेक्षा कमी दाब द्यायला कोणता रेग्युलेटर लावू?