उन्हाळी चारा: ‘नेपियरच लावा’ हे सगळ्यांना कसं लागू?

डिचोलीचा दूधवाला:
काल इथं एकानं ठणकावून लिहिलं की गोव्यात उन्हाळ्याला संकरित नेपियरच (उसासारखं उंच चाऱ्याचं गवत) लावावा, मका-ज्वारी म्हणजे पैसे पाण्यात. वाचून डोकं फिरलं. नेपियर चांगला आहे, एकदा ठोंब लावले की दर दीड महिन्यानं कापणी. पण एप्रिल-मेमध्ये त्याला नेमानं पाणी लागतं. ज्याच्या विहिरीचा तळ एप्रिलातच दिसतो त्यानं काय करावं? पाणी तुटलं की नेपियर तग धरतो, पण वाढत नाही, आणि गाय नेमकी तेव्हाच उपाशी. अशानं जानेवारीत, भाताच्या रिकाम्या शेतात आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची मक्याची जात आणि सोबत चवळी पेरावी. ६०-७० दिवसांत हिरवी वैरण हातात. दाण्यात दुधासारखा चीक येईपर्यंत थांबून मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) भरला तर मे महिना निघतो. शिवाय नुसत्या नेपियरवर दुभती गाय ठेवली की त्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, हे कोणी सांगतच नाही.

पेडण्याचा:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. आमच्याकडे तिळारी धरणाच्या कालव्याचं पाणी येतं. मक्याला दरवर्षी बियाणं, नांगरट, मजूर. मजूर मिळतो कुठं? कॅल्शियमसाठी खनिज मिश्रण द्या की, कोणी अडवलंय?

सत्तरीकर:
तुम्ही पिकावर भांडताय, आमच्याकडे पीक राहतच नाही. भात निघालं की अख्खा गाव गुरं मोकळी सोडतो, रात्री गवे. माझी चवळी गुडघ्याएवढी झाली होती, शेजारच्या गुरांनी एका रात्रीत साफ केली. जाब विचारला तर म्हणतो, शेताला कुंपण घाल.

कुळागरवाली, फोंडा:
बरोबरच बोलला तो. उघड्या शेतात हिरवं पेरायचं आणि गुरांना दोष द्यायचा?

सत्तरीकर:
बाय, तुमच्या कुळागराला, सुपारीच्या बागेला, दगडी गडगा आहे. पाच भावांच्या सामायिक शेताला कुंपण कुठल्या पैशानं घालू? ज्याची गुरं त्यानं बांधावी.

पेडण्याचा:
आणि तीच गुरं पुढे हमरस्त्यावर बसतात, रात्री स्कूटरवाले आपटतात. दूध आटलं की गाय सोडून देणाऱ्याला दंडच हवा.

कुळागरवाली, फोंडा:
दंड कोणाला? पेंढ्याचा ट्रक घाटावरून मागवायची ज्याची ऐपत नाही त्याला? माझ्या सासऱ्यांनी शेवटची म्हैस विकली ती चाऱ्यापायीच. घरी रडणं झालं होतं. तुम्ही दंडाच्या गोष्टी करता!

पेडण्याचा:
रडून रस्त्यावरचा अपघात टळत नाही.

डिचोलीचा दूधवाला:
आवाज खाली ठेवा. चारा नाही म्हणूनच गुरं सुटतात, विषय तोच आहे.

सत्तरीकर:
मग ज्वारी सांगा. कमी पाण्यात येते.

डिचोलीचा दूधवाला:
येते, पण कोवळी घालू नका, कापलेल्या बुडख्यांतून येणारे खोडव्याचे फुटवे तर नकोच. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं. आमच्या वाड्यावर एक गाभण गाय त्यानंच गेली, डॉक्टर पोचायच्या आधी. फुलोरा आल्यावरच कापा.

पेडण्याचा:
ठीक. विहीर आटणाऱ्यानं मका-चवळी करावी, एवढं मानतो. पण ज्याला मेमध्ये पाणी आहे त्याला मक्याच्या नादी लावू नका.

कुळागरवाली, फोंडा:
सुपारीच्या बागेतून वाहून येणाऱ्या पाण्यावर माझा नेपियर मेमध्येही हिरवा असतो, तेवढं पेडण्याच्याचं खरं. दंडाचं मात्र मी मान्य करणार नाही.

सत्तरीकर:
आणि कुंपणाचं?