सरकार ‘गुंतवणूक’ करतं की ‘अनुदान’ देतं?

वेंगुर्लेकरीण: आमच्या काजूच्या बचत गटासाठी पत्रक लिहितेय. मागणी अशी की सरकारने देशातल्या कारखानदारीत, संशोधनात आणि फेअर ट्रेडमध्ये, म्हणजे पिकवणाऱ्याला पुरेसा मोबदला देणाऱ्या व्यापारात, पैसा घालावा. मी ‘गुंतवणूक करावी’ लिहिलं तर काका म्हणाले काढ ते, गुंतवणूक व्यापारी करतो, सरकार देतं ते अनुदान. मला ते पटत नाही, अनुदान म्हटलं की हात पसरल्यासारखं वाटतं. आणि फेअर ट्रेड म्हणजे रास्त व्यापार की न्याय्य व्यापार?

देवगडचो बागायतदार: काकांचं बरोबर आहे. आमच्याकडे ‘पैसे गुंतले’ म्हणजे अडकले. आंबा वाशीच्या बाजारात जातो, विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते आणि पैसे मात्र दलालाकडे गुंतलेले. लोक हाच अर्थ घेणार.

दापोलीकर: अडकवून ठेवायची तयारी हाच अर्थ तर इथे पाहिजे! वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचंच घ्या, आधी नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, मग रत्ना आणि हापूसपासून सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ. कलम लावून फळ बघायला किती वर्षं जातात ते बागायतदाराला काय सांगायचं. तेवढा काळ पैसा अडकवून ठेवणारा सरकारशिवाय दुसरा कोण आहे? अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं, संशोधन मार्चअखेर संपत नाही.

राजापूरचे मास्तर: दान शब्दाला एवढं बिचकायचं कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पैसे घेताना कुठल्या प्राध्यापकाला हात पसरल्यासारखं वाटतं? माझ्या मते अनु म्हणजे मागून, आधी काम आणि मागून दान. २०२० साली आलेली केंद्राची उत्पादनाशी जोडलेली योजना (पीएलआय) तशीच आहे, १४ क्षेत्रं, १.९७ लाख कोटी, आणि पैसे मिळणार ते माल केल्यावर.

दापोलीकर: मास्तर, त्याला सरकारी कागदावरसुद्धा प्रोत्साहन म्हटलंय. फळप्रक्रिया आणि मासळी आहे त्यात, पण उलाढालीच्या अटी बघता बचत गटाने तिथे शिरायचं कसं? माल करून दाखवायला आधी भांडवल लागतं, म्हणून तर गुंतवणूक मागायची.

शुद्धमराठी: ‘न्याय्य’च लिहा. ‘रास्त’ फारसी आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच चालवली. त्यांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आज सगळेच म्हणतात. कोकणातल्या पत्रकात तरी फारसी नको.

देवगडचो बागायतदार: मग पत्रकातून काजू पण काढा, पोर्तुगीजांनी झाड ब्राझीलहून आणलं आणि नावही सोबत आणलं. हापूस पण त्यांच्याच आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून. रास्त भाव दुकान माझ्या आजीला कळायचं, न्याय्य म्हटलं असतं तर कोर्टात केस लागली की काय म्हणून घाबरली असती.

दापोलीकर: पण रास्त भाव दुकान हीच अडचण आहे ना, तिथे रास्त म्हणजे घेणाऱ्याला परवडेल असा भाव. आपल्याला पाहिजे ते बरोबर उलट, बी पिकवणाऱ्याच्या आणि काजू फोडणाऱ्या बाईच्या हातात पुरेसं पडलं पाहिजे. आफ्रिकेतून बी येते तेव्हा इथे भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. खोबऱ्याला केंद्राचा हमीभाव आहे, काजूला नाही.

राजापूरचे मास्तर: मग ‘वाजवी’ घ्या.

शुद्धमराठी: वाजवी तर अरबी!

राजापूरचे मास्तर: असू दे अरबी, काही शतकं मराठीच्या घरात नांदलेला शब्द आहे, त्याला बाहेर काढायचा अधिकार कुणाला नाही.

वेंगुर्लेकरीण: पत्रक छापायला द्यायचंय हो. गुंतवणूक ठेवू ना?

दापोलीकर: ठेवा. आणि संशोधन म्हणजे काय ते लोकांना दिसावं म्हणून आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याचं, म्हणजे आंबे उतरवायच्या अवजाराचं उदाहरण घाला, देठासकट आंबा निघतो, चीक फळावर सांडत नाही.

देवगडचो बागायतदार: झेला काय? आमच्याकडे घळ म्हणतत.

राजापूरचे मास्तर: झेला झेलण्यावरून आला. घळ कशावरून?

देवगडचो बागायतदार: घळ आधीचो, झेला विद्यापीठाने नाव दिल्यावर इलो.

दापोलीकर: अजिबात नाही, आमच्याकडे विद्यापीठाच्या आधीपासून झेलाच म्हणतात.