सॅन फ्रान्सिस्को: आधी वेबकॅम, मग गाडीची किल्ली?

धुकेकर (धागाकर्ता)

जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे भारतातून बे एरियात येतात, त्यांच्यासाठी हा धागा. माझं म्हणणं एवढंच: सॅन फ्रान्सिस्कोला निघण्याआधी हवामानाचं अ‍ॅप उघडू नका, वेबकॅम उघडा.

दर उन्हाळ्यात तोच तमाशा. आतल्या भागातल्या सॅन रमोनला ३५ अंश, म्हणून मंडळी टी-शर्टात निघतात, आई सुती साडीत. तासाभराने गोल्डन गेटपाशी १३ अंश आणि कानात शिरणारा वारा. पूल? अर्धा गायब. मग गिफ्ट शॉपमधून शहराचं नाव छापलेली हूडी घ्यायची. बाबा पुढची दहा वर्षं ती साताऱ्यात मॉर्निंग वॉकला घालतात.

अ‍ॅप खोटं बोलत नाही, पण ते अख्ख्या शहराला एक आकडा देतं. हे शहर सात मैल लांब, सात मैल रुंद, आणि एकाच वेळी सनसेट भागात धुकं तर मिशन भागात कडक ऊन. आतली सेंट्रल व्हॅली तापली की तिथली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते, आणि किनाऱ्याच्या डोंगररांगेत तिला सगळ्यात मोठी फट सापडते ती पुलाखालच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीचीच. थंड पाण्यावरून येताना तिचं धुकं होतं. त्याच्या वर उबदार हवेचं झाकण, म्हणून धुकं एका उंचीवर येऊन थांबतं.

ती उंची कळली की दिवस कळला. पुलाचे मनोरे ७४६ फूट, ट्विन पीक्स ९२२ फूट, पुलापलीकडचा डोंगर माउंट टॅम २५७१ फूट. ट्विन पीक्सशेजारच्या टेकडीवर सूट्रो टॉवर हा तीन शेंड्यांचा टीव्ही मनोरा उभा आहे. कॅमेऱ्यात त्याचे नुसते तीन शेंडे दिसत असतील तर ट्विन पीक्स विसरा, गाडी टॅमकडे वळवा. वर लख्ख ऊन, खाली ढगांचा समुद्र. हा सल्ला कुठलं अ‍ॅप देतं?

आणि वेबकॅम ही तर या शहराची जुनी खोड. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली सुरू केलेला फॉगकॅम हा अजून चालू असलेल्यांमधला जगातला सगळ्यात जुना वेबकॅम मानतात. २०१९ मध्ये तो बंद होणार होता, लोक हळहळले, मग विद्यापीठाने सांभाळायला घेतला. बऱ्याचदा त्यावर करड्या रंगाशिवाय काही दिसत नाही, मान्य. पण माहिती तीच तर हवी असते!

खवचट_खारकर

फिरायला निघालाय की बायपासला? आधी रिपोर्ट, मग निर्णय!

असहमत. धुकं म्हणजे त्या शहराचा बिघाड नाही, तेच ते शहर आहे. आमच्या पाहुण्यांना मी मुद्दाम धुक्यातच पुलावर नेतो. धुकं असलं की पुलावरचे भोंगे वाजतात, मधल्या भागाचा एक सूर, दक्षिण मनोऱ्याचा दुसरा. खाली उभं राहिलं की छातीत घुमतं. तुमच्या वेबकॅमला हे ऐकू येतं का? आमच्या काकू म्हणाल्या, "जहाज हंबरतंय जणू." तो पूल त्यांनी पाहिलाच नाही, पण घरी गेल्यावर त्याच दिवसाबद्दल बोलत होत्या.

पावसाळ्यात आपण माळशेजला जातो तेव्हा दरी दिसत नाही म्हणून कोणी परत फिरतं का? तिथे आपण धुकं बघायलाच जातो. इथे आल्यावर मात्र पोस्टकार्डासारखा पूल दिसला नाही तर पैसे बुडाले!

धुकेकर

माळशेजला जाणारा पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ शकतो हो. सत्तरीतले वडील, दुखरे गुडघे, एकदाच मिळालेला व्हिसा आणि मुलाची एकच मोकळी शनिवारची सुट्टी, असा हिशोब मांडून बघा. भोंगे ऐकवायचे तर जरूर ऐकवा, पण ठरवून ऐकवा. फसून नको.

कोपऱ्यातली

सगळे धुक्यात रमलेत म्हणून जरा खाली रस्त्यावर येऊ या.

ज्या शहराच्या कॅमेऱ्यांचं एवढं कौतुक चाललंय, त्याच शहराने मे २०१९ मध्ये पोलिसांसह सगळ्या सरकारी खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायला बंदी केली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधलं हे पहिलं. कौतुकास्पद. पुढच्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर लोक निदर्शनांना उतरले तेव्हा पोलिसांनी काय केलं? युनियन स्क्वेअरच्या व्यापारी मंडळाच्या शेकडो कॅमेऱ्यांचं थेट चित्रण साधारण आठवडाभर स्वतःकडे घेतलं. हे बाहेर आलं ते कागदपत्रं मागवल्यावर, मग कोर्टात केसही झाली. आणि मार्च २०२४ मध्ये प्रपोझिशन ई हा प्रस्ताव शहराच्या मतदानाने मंजूर होऊन पोलिसांवरचे निर्बंध बरेच सैल झाले.

ते कॅमेरे काही निदर्शकांसाठी बसवले नव्हते. दुकानांच्या सुरक्षेसाठी, रस्ता स्वच्छ आहे का बघण्यासाठी होते. कारण नेहमी साधंच असतं. एकदा खांबावर कॅमेरा बसला की त्याचा उपयोग पुढे कोण, कशासाठी करेल हे बसवणाऱ्याच्या हातात राहत नाही. तुमचा "सुंदर शहर लाइव्ह" वाला कॅमेरा याच जातीचा.

जुना_सॅनहोजेकर

ताई, युनियन स्क्वेअरचं सगळं खरं आहे. पण चौकात माणसांच्या डोक्यावर टांगलेला कॅमेरा आणि डोंगरमाथ्यावरून क्षितिज बघणारा कॅमेरा एका दावणीला बांधू नका.

आमच्या गॅलरीतून माउंट हॅमिल्टन दिसतो. वर १८८८ पासूनची लिक वेधशाळा, पांढरे घुमट. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा पडून त्या डोंगररांगेत वणवे पेटले, एससीयू कॉम्प्लेक्स नावाने. जवळजवळ ४ लाख एकर जळलं. गॅलरीतून नुसता धूर दिसायचा. आग कुठवर आलीय ते कळायचं वेधशाळेच्याच वेबकॅमवरून. रात्री त्या चित्रात घुमटांमागचा उतार लाल झालेला आम्ही घरी बसून बघितला. बायको बॅगा भरत होती, मुलगा दर मिनिटाला पान रिफ्रेश करत होता. दुर्बिणी वाचल्या, वरचं एक घर जळलं.

आज वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या अलर्टकॅलिफोर्नियाचे राज्यभर हजाराच्या वर कॅमेरे आहेत, सॅन डिएगोचं विद्यापीठ चालवतं. बहुतेक कोणीही घरबसल्या बघू शकतं. २०२३ पासून संगणकच चित्रात धूर शोधून कॅल फायरला, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याला, कळवतो. हे बंद करायचं का?

कोपऱ्यातली

बंद करा असं मी कुठे म्हटलं, काका? पण "डोंगरावरचा कॅमेरा निरुपद्रवी" हेही पटत नाही. हेच कॅमेरे स्वच्छ दिवशी ६० मैलांपर्यंत बघतात असं चालवणारेच सांगतात. वळतात, झूमही होतात. वणव्यासाठी ही ताकद हवीच, पण मग ती कोणाच्या हातात, चित्रण किती दिवस ठेवायचं, पोलिसांनी मागितलं तर काय, हे कागदावर हवं. राज्याच्या रस्ते खात्याचं, कॅलट्रान्सचं बघा: हायवेचे कॅमेरे सगळ्यांना खुले, आणि आम्ही चित्रण साठवत नाही असं ते जाहीर सांगतात. ट्रॅफिक कळतं, कोणाची गाडी कुठे होती याचा इतिहास राहत नाही. माझी मागणी एवढीच आहे. एखाद्या हॉटेलच्या गच्चीवरून चोवीस तास यूट्यूबवर सोडलेल्या कॅमेऱ्याला असं काही विचारणारं कोण आहे?

बिनचष्म्याचा

प्रायव्हसी राहू दे बाजूला, कॅमेऱ्याला दिसतं ते खरं असतं हे कोणी ठरवलं?

९ सप्टेंबर २०२० आठवतोय? वणव्यांचा धूर वर, त्याखाली नेहमीचं धुकं, आणि भरदुपारी सगळं शहर नारिंगी. रस्त्यावरचे दिवे लागलेले. मी फोनने फोटो काढला तर आला करडा! कॅमेऱ्याने ठरवलं की एवढं नारिंगी आकाश असूच शकत नाही आणि रंग 'सुधारून' टाकला. भावाला नाशिकला फोटो पाठवला, तो म्हणतो, "ढगाळच तर आहे, एवढं काय?" शेवटी सेटिंग हाताने बदलावं लागलं.

म्हणजे ज्या दिवशी बाहेरचं जग खरोखर विचित्र झालं, नेमक्या त्याच दिवशी कॅमेऱ्याने ते नेहमीसारखं करून दाखवलं. वेबकॅममध्येही तोच स्वयंचलित शहाणपणा असतो. धुकेकर, तुमच्या सूट्रोच्या शेंड्यांवर माझा विश्वास आहे, पण बेताचाच.

साताऱ्याची_सून

इथे कोणी आपल्या माणसांचा विचारच करत नाहीये. सासूबाई मागच्या वर्षी इथून परत गेल्या, त्यांना मी टॅबवर बर्कले विद्यापीठाच्या कॅम्पनाइल मनोऱ्याचा कॅमेरा लावून दिला. त्या ३०७ फुटी मनोऱ्यावर बहिरी ससाण्यांचं घरटं आहे, विणीच्या दिवसांत अंडी, पिल्लं सगळं थेट दिसतं. आता बिल्डिंगमधल्या चार बायका जमून बघतात. आमची सकाळ साडेसात म्हणजे त्यांचे रात्रीचे आठ, सीरियलची वेळ. सीरियल सुटली.

तोटाही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोचा एक कॅमेरा त्यांनी स्वतःच शोधून काढला. आता फोन येतो तो "आज तुमच्याकडे धुकं दिसतंय, पोराला स्वेटर घातलास का?" म्हणून. आम्ही राहतो प्लेझंटनला. इथे ३८ अंश!

घाटावरचा

पुण्याहून वाचतोय. तुमचं भांडण श्रीमंती आहे हो. मुंबईत पोलिसांचे हजारो कॅमेरे आहेत, पण आम्हाला त्यातलं काय दिसतं? चोरी झाली की बातम्यांत एक अंधुक फुटेज. बघणारे ते, बघितले जाणारे आम्ही. लोणावळ्याला, महाबळेश्वरला चांगले खुले कॅमेरे लावले तर जुलैतल्या रविवारी हजारो गाड्या घाटात अडकायच्या वाचतील.

खवचट_खारकर

वाचतील? भुशी डॅमच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतंय हे लाइव्ह दिसलं की घरी बसलेलेही निघतील. गर्दी बघून मागे फिरणारा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही. "एवढे लोक गेलेत म्हणजे काहीतरी असणार" हा आपला बाणा.

घाटावरचा

तेही आहेच म्हणा. पण पुढची गाडी दोन तास हललेली नाही हे दिसलं तर निदान लहान मुलं घेऊन निघणारे थांबतील. आणि कोपऱ्यातल्या ताईंचा मुद्दा इथे उलटा लागू होतो बघा. कॅमेरे लागणार ते लागणारच आहेत. मग निदान रस्त्याचे आणि घाटाचे तरी सगळ्यांना दिसू देत.

कोपऱ्यातली

रस्त्याचे आणि घाटाचे, चालेल. चौकातले सगळ्यांना दिसू लागले तर मुलीच्या मागे लागलेल्याला तिची बस कोणती हेही घरबसल्या दिसेल. 'सगळ्यांना' मध्ये तोही येतो.

नवीन_सदस्य_फ्रीमाँट

चर्चा भारी, पण मला कामाचं सांगा. सासरे आलेत, शनिवारी पूल दाखवायचाय. कॅमेरा किती वाजता बघू?

धुकेकर

सकाळी आठचं चित्र बघून बेत रद्द करू नका, ही सगळ्यात मोठी चूक. उन्हाळ्यात धुकं बहुधा दुपारपर्यंत समुद्राकडे सरकतं आणि संध्याकाळी परत येतं. अकराच्या सुमाराला बघा, तासाभरापूर्वीच्या चित्राशी ताडून बघा. कड पश्चिमेला सरकत असेल तर निघा, एक ते चार पुलावर. हलतच नसेल तर टॅम. तिथे वर ऊन असलं तरी उतरताना पुन्हा धुक्यातून यायचंय, तेव्हा सासऱ्यांना जॅकेट द्या.

खवचट_खारकर

म्हणजे पूल असो नाही तर टॅम, जॅकेट लागणारच. मग अकरा वाजेपर्यंत कॅमेरा बघत बसायचं कशाला? तेवढ्यात त्यांना पार्किंग तरी मिळालं असतं.