मदत हवी आहे: पक्षाघातानंतर आरसा उपचाराचा हातावर काहीच परिणाम दिसत नाही

वेदवती
माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यात त्यांचा एक हात लुळा पडला. रुग्णालयातून घरी सोडताना आरसा उपचार शिकवला होता. त्याप्रमाणे टेबलावर त्यांच्या समोर मधोमध आरसा उभा करून, लुळा हात त्यामागे ठेवून, चांगल्या हाताच्या हालचाली आम्ही रोज करून घेतो, म्हणजे प्रतिबिंब पाहून लुळा हातच हलतो आहे असे मनाला वाटावे. बाबा मूठ उघडतात, मिटतात, मनगट फिरवतात, पण मागचा हात जागचा हलत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही. आरसा लहान पडतो आहे का, वेळ कमी पडतो आहे का, की संवेदना परत येण्यासाठी हा उपाय नाहीच? कृपया लवकर सांगावे, बाबांचा धीर सुटत चालला आहे.

निशिगंध
कोणता हात, झटक्याला किती काळ झाला, बोटांत जराशी तरी हालचाल आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. आरसा एवढा हवा की हाताचे पूर्ण प्रतिबिंब त्यात मावेल आणि मागचा हात अजिबात दिसणार नाही. घड्याळ व अंगठी काढून ठेवावी. लुळ्या हातात नसलेली अंगठी प्रतिबिंबात दिसली, तर तो हात आपला आहे असे मनाला पटत नाही.

पुनर्नवा
आरशात वेळ घालवू नका, असे मी कळकळीने सांगेन. माझ्या आईच्या चांगल्या हातात जाड हातमोजा घालून तिला दिवसातले कित्येक तास दुर्बळ हातानेच कामे करायला लावली आणि त्यानेच तिचा हात वळला. कामाला लावल्याशिवाय हात परत येत नाही.

करांगुली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रुग्णांना रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करते. पुनर्नवा सांगतात ती पद्धत उत्तम आहे, पण तिच्यासाठी मनगट साधारण २० अंश आणि बोटे १० अंश तरी स्वतःहून वर उचलता यावी लागतात. ज्याचा हात मुळीच हलत नाही त्याचा चांगला हातही बांधून ठेवला, तर पदरी फक्त हताशा येते. आरशाचा उपयोग नेमका अशाच हातासाठी होऊ शकतो. १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्यांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनांसाठी आरसा वापरला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि हालचाल व दैनंदिन कामे यांत सुधारणा आढळली. मात्र आरसा नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला हवा, त्याच्याऐवजी नव्हे.

सौदामिनी
वडिलांना बोलताना शब्द सापडत नसतील, तर ते गुणगुणून म्हणायला लावावेत. माझ्या काकांना त्याचा फार उपयोग झाला.

वेदवती
बोलणे स्पष्ट आहे, प्रश्न हाताचाच आहे. हात डावा आहे, झटक्याला चार महिने होत आले आणि बोटे मुळीच हलत नाहीत. रोज अर्धा तास करतो. बाबांचे लक्ष मात्र लागत नाही, ते सारखे उजव्या हाताकडेच पाहतात. ते कंटाळले असावेत असे आम्ही धरून चाललो होतो.

करांगुली
उजव्या हाताकडे म्हणजे आरशातल्या, की खऱ्या? वर्तमानपत्र वाचताना ते ओळ कुठून सुरू करतात?

वेदवती
खऱ्या हाताकडे. आणि ओळ मधूनच सुरू करतात, मग अर्थ लागत नाही म्हणून पेपर बाजूला ठेवतात. ताटातले डावीकडचेही तसेच राहते. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे वाटले होते.

करांगुली
चष्मा तपासून घ्याच, पण ही डाव्या बाजूची उपेक्षा असण्याची शक्यता मोठी आहे. डोळ्यांना दिसत असते, पण मेंदू त्या बाजूकडे लक्षच वळवत नाही. बाबांना आरसा डावीकडे येतो, म्हणून नजर प्रतिबिंबावर न टिकता खऱ्या हातावर घसरते. आणि प्रतिबिंब पाहिलेच नाही तर तो फक्त चांगल्या हाताचा व्यायाम उरतो. आपल्या थेरपिस्टकडून याची तपासणी करून घ्या. कॉक्रेन आढाव्यात या उपेक्षेवर आरशाचा स्पष्ट परिणाम दिसला नव्हता, म्हणून नजर डावीकडे नेण्याचा सराव वेगळा करावा लागेल. आरशाच्या डाव्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावून, आधी तिच्याकडे पाहायला सांगून मग हालचाल सुरू करता येईल. वेळही दहा-दहा मिनिटांत विभागा.

संवेदनेबाबत पुरावा हालचालीपेक्षा तोकडा आहे. बाबा आरशात पाहत असताना दोन्ही हातांना एकाच जागी, एकाच वेळी खरखरीत कापड किंवा मऊ ब्रश फिरवून पाहा.

पुनर्नवा
बोटे थोडी हलू लागली, तर हातमोज्याचा विचार नक्की करावा, एवढे माझे म्हणणे कायम आहे.

निशिगंध
तोवर गरम पाण्याचा अंदाज त्यांनी डाव्या हाताने घेऊ नये, भाजलेले कळणार नाही.

वेदवती
सर्वांचे मनापासून आभार. तपासणीची वेळ आजच मागते. तोवर आरसा चालू ठेवू ना? आणि उठवताना आम्ही त्यांना डाव्या दंडाला धरतो, त्याचे काय?

करांगुली
आरसा चालू ठेवा. चक्कर किंवा मळमळ झाली तर थांबवा. दंड मात्र ओढू नका. स्नायू सैल असताना खांद्याचा सांधा खाली उतरतो आणि पुढे दुखणे जडले, तर कोणताच व्यायाम करता येत नाही. उठवताना पाठीमागून धडाला आधार द्या आणि बसवल्यावर लुळा हात उशीवर, त्यांच्या नजरेसमोर ठेवा.